लढाईची मैदानं आणि युद्धस्मारकं : गाडी काढून बघायला जाणारे कोणी आहेत का?

रस्तेराव

राम राम मंडळी,

किल्ल्यांवर इथे ढिगाने धागे आहेत, लेण्यांवर आहेत, मिसळीवर तर विचारूच नका. पण जिथे किल्ला नाही, देऊळ नाही, नुसतं ज्वारीचं शेत आणि एक ओढा आहे आणि तिथे कधीकाळी एका दुपारात हजारो माणसं मेलीत, अशा जागा मुद्दाम बघायला कोणी जातं का? मी जातो. बायको म्हणते काहीही नसलेलं बघायला पेट्रोल जाळणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय, तरी येते बरोबर, अजिंठा दाखवायचं कबूल केलं की.

तर यावेळी असई. जालना जिल्हा, भोकरदनच्या पूर्वेला. अजिंठ्याहून सिल्लोड आणि तिथून भोकरदन असं येता येतं, रस्ता मधेमधे चांगला मधेमधे देवाचं नाव घ्यायचा. शाळेत आपल्याला 'दुसरे इंग्रज-मराठा युद्ध, असई, २३ सप्टेंबर १८०३' एवढी एक ओळ होती, त्याच्यावर दोन मार्क मिळायचे आणि विषय संपायचा. पण तिथे जाऊन उभं राहिलं ना की मग कळतं काय झालं असेल ते. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, दोन्ही नद्या पुढे पूर्वेला जाऊन मिळतात, आणि मधे जमिनीचा चिंचोळा पट्टा. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची छावणी भोकरदनपासून असईपर्यंत केळणेच्या काठाने लांबच लांब पसरलेली, तोफा शंभराच्या आसपास, वर शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपियन पद्धतीने शिकवलेल्या पलटणी. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेकडून आला तेव्हा त्याच्याबरोबर जेमतेम साडेचार-पाच हजार माणूस, दुसरी फौज घेऊन येणारा स्टीव्हनसन अजून लांब. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वाटाडे म्हणाले पुढे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा, नाही. याने दुर्बीण लावली तर नदीच्या अल्याड एक गाव आणि बरोब्बर समोर पल्याड दुसरं गाव, म्हणजे माणसं येजा करत असणारच, उतार असणारच. आणि होता.

हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण काठावर उभं राहून समोरच्या गावाकडे बघितल्यावर जे डोक्यात शिरतं ते वेगळं. पूर्वेकडून दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला की दोन्ही बाजू आपोआप झाकल्या, शिंद्यांच्या घोडदळाला वळसा घालायला जागाच नाही. पण आपले कंपूही काय कवायतीचे होते बघा, अख्खी रांग पूर्वेकडे वळवून नवीन मोर्चा बांधला, डावी बाजू असई गावाला टेकवली आणि त्या गावाजवळ इंग्रजांच्या ७४ व्या हायलँडर्स पलटणीचा अक्षरशः चुराडा केला. वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून पडला, दुसऱ्याला भाल्याने जखमी केलं. मेलेले जखमी मिळून त्याचे पंधराशेच्या वर गेले, म्हणजे लढायला उतरलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा. हाच पुढे वॉटर्लूवाला वेलिंग्टन, आणि म्हातारपणी सगळ्यात चांगली लढाई कुठली असं विचारल्यावर असई म्हणाला अशी गोष्ट सांगतात.

तिथे जाताना फलक, पार्किंग, माहितीकेंद्र यांच्यावर भिस्त ठेवू नका. घरूनच नकाशा बघून जा, दोन नद्या आणि गावं ओळखता आली पाहिजेत. नाहीतर खरंच शेतच आहे.

आता तुमच्या जागा सांगा. देशात, परदेशात, कुठल्याही काळातल्या. फक्त गाडीने जाता येईल अशा.

वाटसरू_माणगावकर

मस्त धागा! पहिला प्रतिसाद माझा, आणि जागा अशी की इथल्या निम्म्या लोकांनी तिच्याजवळ उभं राहून हॉर्न वाजवलेला आहे. मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या ट्रॅफिकमधे अडकला नाही असा कोकणी माणूस दाखवा. तिथेच तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. आमच्या तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्री, वय २२. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधे हे सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले तेव्हा एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, आधी हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं आणि मग लपलेल्या जर्मन नेमबाजांच्या गोळ्या लागून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

पुढच्या वेळी गाडी हलत नसेल तेव्हा चिडण्यापेक्षा उतरून पुतळा बघून या. चहा पण मिळेल.

डिझेलभक्त

वाखुसा (वाचनखूण साठवली). असई आमच्या जिल्ह्याच्या एवढं जवळ असून गेलो नव्हतो, आता काढतो गाडी.

ऱ्हाइनकाठची_मावशी

वाटसरू, तुमचा प्रतिसाद वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. आम्ही जर्मनीत राहतो, सुट्टीत गाडीने इटलीत उतरतो. पेरुजाच्या वर मोंतोने नावाचं डोंगरमाथ्यावरचं छोटंसं गाव आहे, तिथे २०२३ मधे यशवंत घाडग्यांचं स्मारक उभं केलंय, आणि ते चक्क एक सूर्यघड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. त्यांचा देह सापडला नाही, नाव इटलीतल्याच कसीनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे, त्यामुळे मोंतोनेला काहीतरी असणं मला फार बरं वाटलं. आमच्याबरोबर नवऱ्याचा जर्मन मित्र होता, त्याचे आजोबा त्याच वेळी इटलीत होते, अर्थात दुसऱ्या बाजूला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग कॉफी प्यायला गेल्यावर आजोबांबद्दल जे बोलायला लागला ते थेट हॉटेलवर पोचेपर्यंत.

तिथून वर उत्तरेला जात असाल तर फोर्लीची भारतीय सैनिकांची दफनभूमी पण बघा, हिंदू-शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला त्यांच्या नावांचं वेगळं स्मारक आत आहे. फाएन्झाच्या बाजूला सेनिओ नदी आहे, दिसायला कालवाच, पण दोन्ही बाजूला उंच बांध. ९ एप्रिल १९४५ ला नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव या नदीवर जखमी सोबत्यांना पाण्यातून उचलून बांधावरून पलीकडे पोचवत होते, मग परत येऊन एकट्याने तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, पण हे वाचले, घरी परतले. रस्तेराव म्हणतात ते अगदी खरंय, तो बांध बघितल्याशिवाय 'नदी ओलांडली' या दोन शब्दांत काय आहे ते समजत नाही.

स्पष्टच_बोलतो

सगळं ठीक आहे पण धागालेखकाला एक प्रश्न. आपण जिथे हरलो ती मैदानं बघण्यात काय हशील? इंग्रजांचं कौतुक ऐकायला पेट्रोल जाळायचं का? खर्डा आहे, पालखेड आहे, तिथे जा की.

रस्तेराव

स्पष्टच, खर्ड्यालाही जाऊन आलोय हो, आणि तुम्ही काढलंत ते बरं केलंत. जामखेड तालुका, ११ मार्च १७९५. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर, पटवर्धन सगळे एका बाजूला आणि निजाम खर्ड्याच्या भुईकोटात कोंडलेला. कोट आहे अजून, निंबाळकरांचा, तटबंदी दणकट आहे. आत फिरायला छान वाटतं. तिथे सगळे एकत्र होते, आणि आठच वर्षांनी असईला होळकर आलेच नाहीत आणि पेशवा तर वसईचा तह करून इंग्रजांच्या पदरात जाऊन बसलेला. खर्डा बघून असईला गेलं की हे जास्त टोचतं. मला हरलेली मैदानं जास्त बघाविशी वाटतात ती याचसाठी, जिंकलेल्या ठिकाणी आपण फक्त घोषणा देऊन परत येतो.

स्पष्टच_बोलतो

घोषणा देण्यात वाईट काय आहे? पण ठीक, मुद्दा पोचला अर्धा.

तळेगावचा_तात्या

हशील विचारणाऱ्यांनी आमच्याकडे यावं, इथे आपण जिंकलोय आणि तरी कोणी थांबत नाही! जुन्या पुणे-मुंबई हायवेवर वडगाव मावळ, महादजी शिंद्यांचा पुतळा आहे. एक्सप्रेसवे झाल्यापासून तर लोकांना वडगाव हे लोकलचं स्टेशन एवढंच माहिती. जानेवारी १७७९, राघोबादादांना घेऊन इंग्रज मुंबईहून बोरघाट चढून आले. मराठ्यांनी सरळ पुढ्यात जाऊन लढाई न देता गावं रिकामी केली, चारा-धान्य जाळलं, मागची वाट तोडली. तळेगावला पोचेपर्यंत साहेबाची हवा गेली. रात्रीतून परत फिरायचं ठरलं तेव्हा जड तोफा आमच्या तळ्यात ढकलून दिल्या, लहानपणी आम्ही पोहायला जायचो तेव्हा मोठी पोरं सांगायची की खाली अजून तोफ आहे, पाय अडकेल. वडगावात पुरते घेरले गेले आणि १६ जानेवारीला तहावर सही.

त्याआधी ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट म्हणजे आपला इष्टुर फाकडा तोफेच्या गोळ्याने गेला, झाडावर चढून टेहळणी करत होता असं सांगतात. त्याची समाधी वडगावातच आहे आणि लोक तिला नारळ वगैरे वाहतात. शत्रूच्या कॅप्टनला नवस! हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं.

लोणावळ्याला चिक्की आणायला जाताय ना, तेव्हा एक्सप्रेसवे सोडा आणि जुन्या रस्त्याने या. घाट चढून आल्यावर डावी-उजवीकडे डोंगर कसे लागतात बघत या, म्हणजे इंग्रजांना परत जाताना काय वाटलं असेल त्याचा अंदाज येतो.

भीमाथडी

पुणे-नगर रस्त्याने जाणार असाल तर भीमेच्या पुलाजवळ पेरणे गावच्या हद्दीत कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८. ईस्ट इंडिया कंपनीची एक पलटण, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा गावात अडकलेल्या, पलीकडे पेशव्यांची फौज, दिवसभर घरं आणि गल्ल्यांमधे लढाई. स्तंभावर मेलेल्यांची नावं आहेत, त्यातली कितीतरी 'नाक' ने संपणारी, म्हणजे महार शिपाई. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला इथे आले होते. हरलेलं-जिंकलेलं कोणाचं हा प्रश्न इथे फार सरळ नाहीये, हे स्पष्टच यांनी जाऊन नावं वाचली की लक्षात येईल. आमच्या घरचे दरवर्षी जातात. १ जानेवारीला त्या रस्त्याची वाहतूक वळवतात, नुसतं फिरायला म्हणून जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी जा, निवांत वाचता येतं.

संपादक

या विषयावर आधी दोन धागे वाचनमात्र करावे लागलेत. प्रवास, जागा आणि इतिहास एवढ्यावर राहूया. धाग्याचं काश्मीर करू नये, म्हणजे वाद पेटवू नये, ही विनंती.

माजी_गनर

संपादक साहेब, काश्मीरचंच लिहायचं होतं, परवानगी द्या :)

मंडळी, मी तोफखान्यातून रिटायर झालो, आता मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून त्याच जागा बघत फिरतो. लडाखला श्रीनगरकडून जाणारे सगळे द्रासला थांबतात, कारगिल युद्धाच्या स्मारकासमोर फोटो काढतात, अर्ध्या तासात पुढे. माझं म्हणणं एवढंच की झेंड्यासमोरचा फोटो झाला की पाठ फिरवा आणि मागे तोलोलिंगकडे बघा. मग पुन्हा फिरून हायवेकडे बघा. तो डोंगर आणि हायवे यांच्यामधे काहीही नाही. वर बसलेल्या माणसाला रस्त्यावरचा एकेक ट्रक मोजता येतो, आणि तोफेला निरीक्षक म्हणून याच्यापेक्षा चांगली जागा मिळत नाही. लेहला जाणारी रसद याच रस्त्याने. १९९९ साली शत्रू तिथे का येऊन बसला हे कोणी भाषण न देता कळतं. आणि आपली पोरं त्या उघड्या उतारावरून रात्रीची वर गेली, १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने शिखर घेतलं. उतार डोळ्याने बघा, आडोसा शोधा. सापडत नाही.

त्याच रस्त्यावर आधी झोजीला लागतो. तिथे १ नोव्हेंबर १९४८ ला आपण स्टुअर्ट रणगाडे नेले होते, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास. आजही तुमची गाडी तिथे फर्स्ट गियरमधे रडते ना, तेव्हा आठवा.

स्मारकात नावांच्या भिंतीपाशी रील काढणारी मंडळी बघितली की मात्र माझं डोकं फिरतं. कोणाचा तरी भाऊ असतो तो. आमच्या शेजारी एक बाई बोटाने एकच नाव पुन्हा पुन्हा पुसत होत्या आणि मागे एकाचं 'अरे अँगल घे अँगल घे' चालू होतं. मुलाने त्याला बाजूला नेऊन समजावलं, मला जाऊ दिलं नाही, बरंच झालं.

ओळखपत्र जवळ ठेवा, जवान अडवतील तिथे वाद घालू नका, आणि आत कोणी जवान माहिती देत असेल तर पूर्ण ऐका.

रस्तेराव

गनरकाका दंडवत! हेच, अगदी हेच मला म्हणायचं होतं. जमीन बघितल्याशिवाय लढाई कळत नाही.

दिल्लीकर_जोशी

पानिपत अजून कसं आलं नाही? आम्ही नोकरीमुळे इकडे, महाराष्ट्रातून पाहुणे आले की चंदीगड-शिमल्याला जाताना पानिपत रस्त्यातच आहे, दिल्लीपासून ९० किमीच्या आसपास. कालाअंब, म्हणजे लढाईचं स्मारक, शहरापासून थोडं बाहेर आहे. आंब्याचं झाड काही आता नाही, विटांचा स्तंभ आहे, भोवती लोखंडी कुंपण, बाग. १४ जानेवारीला महाराष्ट्रातून आणि हरियाणातले रोड मराठा खूप लोक येतात. तेव्हा इकडे धुकं एवढं असतं की सकाळी हायवेवर पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत, रात्री आणि पहाटे अजिबात चालवू नका.

जमिनीचं म्हणताय तर पाहुण्यांना मी एक प्रश्न विचारतो. मराठे दक्षिणेतून आले, अब्दाली वायव्येकडून, मग लढाईच्या दिवशी कोणाचं तोंड कुठे होतं? सगळे उलट सांगतात. भाऊसाहेब कुंजपुऱ्याचा किल्ला घ्यायला वर उत्तरेला गेले, तेवढ्यात अब्दाली बागपतला यमुना उतरून खाली आला आणि दिल्ली आणि आपल्यामधे बसला. म्हणजे मराठे घराकडे तोंड करून लढले. दिल्लीची वाट बंद, दाणागोटा बंद, अडीच महिने तसेच. दिल्लीहून गाडीने निघून तासा-दीड तासात पानिपतला पोचलं ना की मला दरवेळी तेच डोक्यात येतं, की एवढंच तर अंतर होतं. 'दोन मोत्ये गळाली' वालं पत्र आई तिथे उभी राहून मोठ्याने म्हणायला लागली, पाठ होतं तिला शाळेपासून, पुढे २७ मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला गणती नाही इथे येऊन अडखळली आणि मग बाबांनी पूर्ण केलं.

चिऊची_आई

खूप छान माहिती. पण मुलांचं काय? आमची दोघं ९ आणि ६. मैदान दाखवलं तर 'आई वायफाय आहे का' विचारतील. पुण्याहून एका दिवसात काही?

डिझेलभक्त

नगर ताई नगर! रणगाड्यांचं म्युझियम. पोरं पण खूश आणि पोरांचे बाप जास्तच खूश. उघड्यावर ओळीने रणगाडे उभे, विजयंता, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन, आणि रोल्स रॉइसची चिलखती गाडी पण आहे, हो रोल्स रॉइसचीच. वर चढू देत नाहीत, आधीच सांगून ठेवा नाहीतर भोकाड. उन्हाळ्यात दुपारी नका जाऊ, लोखंड तापतं, सावली कमी.

माजी_गनर

चिऊची आई, पॅटनपाशी मुलांना ही गोष्ट सांगा. १९६५, पंजाबात असल उत्तर गाव, खेमकरणजवळ. आपण शेतात कालव्याचं पाणी सोडलं, ऊस उभा होता, पॅटन त्या चिखलात रुतले आणि उसात लपलेल्यांनी जवळून टिपले. तिथेच हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक रणगाडे फोडले, परमवीर चक्र. त्यांची कबर तिथेच आहे, अमृतसरला जाणाऱ्यांनी वाघा बॉर्डरचा कार्यक्रम बघून झाला की दुसऱ्या दिवशी तिकडे गाडी वळवावी.

आणि नगरचं अजून एक. पुण्यात जन्मलेला अरुण खेत्रपाल, पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमधे गेला तो 'फामागुस्ता' रणगाडा नगरलाच आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवलाय. पेटल्यावर बाहेर ये असा हुकूम होता, माझी तोफ अजून चालू आहे म्हणाला. २१ वर्षांचा होता.

चिऊची_आई

काका... गोष्ट सांगताना मलाच रडू येणार आहे. ठरलं, नगर.

रस्तेराव

चिऊची आई, नगरला जाताच आहात तर भुईकोट पण करा. लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र न्या. १९४२ नंतर नेहरू-पटेल-आझाद इथे कैदेत होते ते दाखवतात. पण माझ्यासाठी नगर म्हणजे असईच्या आधीचा अंक. ऑगस्ट १८०३ मधे वेलस्लीने आधी पेठेची भिंत शिड्या लावून घेतली आणि चार दिवसांत किल्ला. त्याच्या छावणीत गोखले म्हणून मराठा सरदार होता, त्याने लिहिलं की हे इंग्रज विलक्षण लोक आहेत आणि यांचा सेनापती तर त्याहून, सकाळी आले, पेठेची भिंत बघितली, तिच्यावरून चालत गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत आले! आपल्याच माणसाचं हे पत्र, कौतुक की धास्ती काही कळत नाही.

त्यामुळे पुणे, कोरेगाव भीमा, नगर, जमलं तर खर्डा, मग असई आणि शेवटी अजिंठा अशी चक्कर होते. असईचे जखमी अजिंठा गावात नेऊन ठेवले होते, म्हणजे लेण्यांपासून एवढ्या जवळ, आणि त्या लेण्यांचा इंग्रजांना पत्ता लागायला अजून सोळा वर्षं जायची होती.

डिझेलभक्त

मी दिवाळीनंतर असईला जायचं बघतोय. रस्तेराव, मे मधे गेलं तर? सुट्टी तेव्हा जास्त मिळते.

रस्तेराव

मे मधे नको. नदी कोरडी असते, कुठूनही चालत पलीकडे जाल आणि मग उतार शोधण्याचं एवढं काय मोठं असं वाटेल. लढाई सप्टेंबरातली आहे, पाऊस संपता संपता जा, काठ किती खोल आहेत आणि पाणी कुठे पसरट होतं ते तेव्हाच दिसतं. काळी माती आहे, पावसानंतर लगेच शेतरस्त्यावर गाडी घालू नका, ट्रॅक्टर बोलवावा लागेल. गावात लावा आणि चालत जा. आणि कापसात पाय घालण्याआधी मालकाला विचारा.

स्पष्टच_बोलतो

डिझेलभक्त, तारीख ठरली की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाडीत एक जागा असेल तर येतो. डिझेल अर्धं अर्धं.